डोंगरी ओढ्यातला ट्राउट आणि नवख्याची फ्लायची डबी

पहिल्या हंगामात माझ्याकडे 36 कप्प्यांची डबी होती आणि तिच्यात 36 फ्लाय होत्या, म्हणजे मासे पकडायला गळावर पिसं आणि केस बांधून केलेले नकली किडे. प्रत्येक वेगळी, प्रत्येकी एकच. उघडली की सराफाच्या पेटीसारखी दिसायची. एके दिवशी सकाळी तपकिरी केसाळ पंखांच्या एका फ्लायवर लागोपाठ दोन ट्राउट मासे आले. तिसऱ्या फेकीला ती मागच्या झाडात अडकली, मी हिसका दिला आणि दोरा तुटला. उरलेल्या 35 मध्ये तिच्यासारखी दुसरी नव्हती. त्या दिवशी मासे कमी आणि गाठी जास्त झाल्या.

म्हणून यादीवर येण्याआधीच सांगतो. सुरुवातीला सहा-सात प्रकार पुरतात, पण प्रत्येकाचे तीन-चार नग हवेतच. डोंगरी ओढा फ्लाय खातो. फांद्या, कपारी, पाण्यात अडकलेलं लाकूड, सगळ्यांना आपापला वाटा द्यावा लागतो.

ओढ्यातला मासा कसा विचार करतो

संथ, नितळ नदीत ट्राउट वर तरंगत आलेला किडा खालून निवांत न्याहाळतो, पटला तर घेतो, नाहीतर वळून जातो. डोंगरी ओढ्यात ही चैन नाही. पाणी गार, वेगवान आणि खाण्याच्या बाबतीत गरीब. खडकाआडच्या शांत पाण्यात उभ्या असलेल्या माशासमोरून घास वाहत जातो तो एक-दोन सेकंदांत. तेवढ्यात ठरवायचं. सोडला तर तो खालच्या माशाचा. त्यामुळे हुबेहूब नक्कल करण्यावर जीव टाकण्यात फारसा अर्थ नसतो. खाण्यासारखं दिसलं, आकार साधारण बरोबर असला आणि पाण्याबरोबर वाहत आलं की बहुतेकदा काम होतं.

माझ्या अनुभवात महत्त्वाचा क्रम असा: आधी खोली, म्हणजे फ्लाय पृष्ठभागावर आहे की तळाजवळ. मग ती कशी वाहते. मग आकार. मग फिकट की गडद. नाव शेवटी. आणि एक अट माशासाठी नाही, तुमच्यासाठी: फ्लाय तुम्हाला दिसली पाहिजे. फेसाळ पाण्यात फ्लाय कुठे आहे हेच कळत नसेल तर मासा आलेलाही कळणार नाही.

पहिली पायरी: दगड उलटा

रॉड जोडायच्या आधी काठाजवळच्या घोटाभर पाण्यातला तळहातापेक्षा थोडा मोठा दगड उचला आणि खालची बाजू वर करा. पहिले काही क्षण काही दिसत नाही, नुसता ओला दगड. मग त्यावरचा एक ठिपका चालायला लागतो. चपटा, दगडाला चिकटून सरकणारा, पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांची बारीक झालर हलतेय आणि मागे बहुधा तीन शेपट्या, हा मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याचा निम्फ, म्हणजे तिचं पाण्यातलं बालरूप. शेपट्या दोनच, अंग जाडसर आणि पाय खेकड्यासारखे टाकत चालणारा असेल तर स्टोनफ्लायचा. (काही मेफ्लायनाही दोनच शेपट्या असतात, तेव्हा पोटाकडची झालर बघा.) वाळूचे कण किंवा काडीकचरा चिकटवून केलेली छोटी नळी दिसली तर आत कॅडिसची अळी आहे. काही कॅडिस नळी न करता जाळं विणून राहतात, त्यांच्या अळ्या बऱ्याचदा हिरवट असतात.

नावं पाठ करायची गरज नाही. दोनच गोष्टी लक्षात ठेवा: यातला सर्वात जास्त संख्येने असलेला किडा किती लांब आहे आणि गडद आहे की फिकट. करंगळीच्या नखाशेजारी धरून बघा. मग दगड होता तसाच परत ठेवा, त्याखाली एक वस्ती आहे.

दुसरी तपासणी काठावरच्या कोळ्याच्या जाळ्यांची. गेल्या एक-दोन दिवसांत कोण उडालं याची हजेरी तिथे लागलेली असते. पंख शिडासारखे उभे असतील तर मेफ्लाय, कौलारू छपरासारखे उतरते असतील तर कॅडिस, पाठीवर सपाट मिटलेले असतील तर स्टोनफ्लाय. मुंग्या आणि भुंगे अडकलेले दिसले तर तेही ध्यानात ठेवा. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, झाडं पाण्यावर वाकलेली असतात तिथे, वरून पडणाऱ्या किड्यांवर ट्राउट भरपूर जगतात.

नंबरांची भानगड

फ्लायचा नंबर हा तिच्या गळाचा नंबर असतो आणि तो उलटा चालतो. नंबर वाढला की गळ लहान. या मापांत बहुधा सम आकडेच वापरले जातात: 10, 12, 14, 16, 18. डोंगरी ओढ्यासाठी 12 ते 16 एवढ्या पट्ट्यात नवख्याचं जवळजवळ सगळं भागतं, आणि एकच नंबर निवडायचा म्हटला तर मी 14 म्हणेन. दोन कंपन्यांचा 14 मात्र तंतोतंत सारखा असेलच असं नाही. त्यामुळे आकड्याइतकाच डोळ्यांवरही विश्वास ठेवा.

18 पेक्षा मोठ्या नंबरच्या, म्हणजे अगदी बारीक फ्लाय सध्या राहू द्या. त्या बांधताना हात थरथरतात, पाण्यावर त्या दिसत नाहीत आणि उड्या मारणाऱ्या पाण्यात त्यांची गरजही क्वचितच पडते.

डबीत काय घ्यायचं

तरंगणाऱ्या, म्हणजे ड्राय फ्लायमध्ये पहिला मान पॅराशूट ॲडम्सचा. मूळ ॲडम्स 1922 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात लेन हॅलाडे यांनी बांधली आणि आपल्या मित्राचं आडनाव तिला दिलं. राखाडी अंग, करडं-तपकिरी पीस. ती नेमक्या कुठल्याच किड्यासारखी नाही आणि थोडीथोडी सगळ्यांसारखी आहे, हाच तिचा गुण. नंतर आलेल्या पॅराशूट प्रकारात वर एक उभा झुपका असतो आणि त्याच्या बुडाशी पीस आडवं, छत्रीसारखं गुंडाळलेलं असतं. त्यामुळे अंग पाण्याच्या पातळ सायीत बसतं आणि झुपका वर राहून तुम्हाला दिसतो. पांढरा झुपका नेहमीचा. फेसात पांढरं हरवतं, म्हणून निम्म्या फ्लाय गुलाबी किंवा नारिंगी झुपक्याच्या घ्या. माशाला तो खालून फारसा जाणवत नाही, तो खास आपल्या सोयीसाठी. 14 नंबरच्या तीन, 16 च्या तीन.

दुसरी एल्क हेअर कॅडिस. 1957 मध्ये अल ट्रॉथ यांनी बांधलेली. पाठीवर एल्क हरणाचे केस उतरत्या छपरासारखे असतात, त्या केसांत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून ही फ्लाय लाटेखाली गेली तरी बुचासारखी वर येते. खळाळत्या पाण्यात माझ्या दोऱ्याला सर्वात जास्त वेळ हीच असते. माझी झाडात गेलेली तपकिरी केसाळ फ्लायही हीच होती, फक्त तेव्हा मला तिचं नाव माहीत नव्हतं. तपकिरी अंगाच्या, 14 आणि 16 च्या तीन-तीन घ्या. जमलं तर 14 च्या चार.

तिसरी एखादी ठसठशीत, ओरडून लक्ष वेधणारी फ्लाय: रॉयल वुल्फ किंवा स्टिम्युलेटर. दोन्ही नको, एक पुरे. पिसांचे पंख असलेल्या नाजूक फ्लाय वेगवान पाण्यात बुडायच्या, म्हणून 1930 च्या आसपास ली वुल्फ यांनी पंख आणि शेपटीसाठी जनावराचे केस वापरायला सुरुवात केली. स्टिम्युलेटर लांब अंगाची असते, मोठ्या स्टोनफ्लायची किंवा नाकतोड्याची जागा चालवून नेते. 12 नंबरच्या तीन घ्या. हिचा खरा उपयोग पुढे येतो, हिच्याखाली निम्फ टांगायला.

चौथी, फोमचा काळा भुंगा किंवा मुंगी, 14 नंबर, तीन नग. काळ्या फोमवर वरून रंगीत ठिपका असलेलीच घ्या, नाहीतर सावलीत शोधत बसाल.

बुडणाऱ्या फ्लायमध्ये दोनच निम्फ, म्हणजे त्या बालरूपाच्या नकला. फेझंट टेल ही इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांची. त्यांनी दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार वापरली. त्याच तारेने फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू बांधले जातात आणि तिच्यामुळेच वजन येतं. पोहणारा निम्फ पाय अंगाशी घेतो हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्यांच्या मूळ फ्लायला पायच नव्हते. आज मिळणाऱ्या बहुतेकींना पाय असतात, माशांनी तक्रार केलेली मला दिसली नाही. दुसरी हेअर्स इअर, सशाच्या तोंडाकानांवरच्या केसांची, विस्कटलेली, गबाळी. वापरून वापरून जितकी फाटते तितकी बरी चालते असं जुने गडी सांगतात, आणि मला ते पटतं. फेझंट टेल 16 च्या चार, हेअर्स इअर 14 च्या चार.

दोन्ही मणीवाल्या घ्या. डोक्याशी धातूचा मणी असला की फ्लाय लवकर खाली जाते, आणि ओढ्यातल्या छोट्या खळग्यात फ्लायला खाली जायला वेळच कमी मिळतो. मणी पितळेचा असतो किंवा टंगस्टनचा. टंगस्टन पितळेच्या दुपटीहून जड. निम्म्या पितळी, निम्म्या टंगस्टन ठेवा, पण डबीत वेगवेगळ्या रांगांत, कारण दिसायला दोन्ही सारख्याच.

शेवटची वुली बगर, 10 नंबर, काळी किंवा शेवाळी, दोन नग. पावसानंतर पाणी गढूळ झालं की किंवा धबधब्याखालच्या खोल डोहात ओढून बघायला. एरवी ती डबीत झोपून राहते.

एकूण 28-29 फ्लाय झाल्या. खिशातल्या एका डबीत बसतात.

विकत घेताना हातात धरून बघा

स्वस्त फ्लाय वाईटच असते असं नाही, पण ढिसाळ बांधलेली फ्लाय दुसऱ्या माशालाच सुटायला लागते. पहिली नजर गळाच्या डोळ्याकडे, म्हणजे दोरा ओवायच्या भोकाकडे. त्यात वार्निश सुकून बसलंय का, की पीस आत घुसलंय? उजेडाकडे धरून आरपार दिसलं पाहिजे. ओढ्याकाठी गार बोटांनी ते भोक मोकळं करत बसणं ही शिक्षा आहे.

मग गळाचा वाक दोन बोटांत धरा आणि दुसऱ्या हाताने अंग हळूच फिरवून बघा. अंग गळाभोवती गरगर फिरलं तर ठेवून द्या. ड्राय फ्लायच्या पिसांची लांबी गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडी यांच्यातल्या अंतराच्या, साधारण दीड ते दोन पट हवी. फार लांब असली तर फ्लाय कलंडते. पीस ताठ हवं, बोटाने वाकवून सोडलं की परत उभं राहणारं. केसांची कॅडिस असेल तर केस हलकेच ओढा, चिमटीत दोन-तीन आले तर चालेल, झुपका आला तर नाही.

आणि गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासा लवकर सुटतो, कमी दुखावतो आणि तुमच्या कानात घुसलेला गळही तितक्याच सहज निघतो. पहिल्या हंगामात कान, टोपी नाहीतर जॅकेट, काहीतरी सापडतंच. चष्मा लावल्याशिवाय रॉड हातात घेऊ नका, हे गंभीरपणे सांगतोय.

पाण्यावर: काय आधी बांधायचं

मासे वर येताना दिसत असतील, पाण्यावर छोटी वर्तुळं किंवा नुसता एखादा फुगा फुटल्यासारखं काही, तर सरळ ड्राय फ्लाय. खळाळत्या पाण्यात कॅडिस 14, जरा शांत डोहाच्या शेपटीकडे पॅराशूट ॲडम्स 16. काहीच दिसत नसेल, आणि बहुतेकदा काहीच दिसत नाही, तर वर एक आणि खाली एक अशी जोडी लावा.

जोडी अशी: लीडरच्या, म्हणजे मुख्य दोरीपुढच्या निमुळत्या पारदर्शक दोऱ्याच्या टोकाला 12 नंबरची स्टिम्युलेटर. तिच्या गळाच्या वाकाला साधारण 45 सेंटिमीटर टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक दोरा, क्लिंच गाठीने बांधा. पाच वेढे, टोक परत फासातून, ओढण्याआधी गाठ ओठांत धरून ओली करा. कोरडी गाठ ओढली की घासून तापते आणि कमजोर होते. टिपेटच्या दुसऱ्या टोकाला फेझंट टेल. आता वरची फ्लाय आमिषही आहे आणि बुचही. ती थबकली, बाजूला सरकली किंवा गडप झाली की रॉडचं टोक उचला. खात्री करत बसू नका, तोवर मासा निम्फ थुंकून टाकतो. दहापैकी काही वेळा दगडच निघेल, निघू द्या.

इथे एक चूक मी बराच काळ करत होतो. 16 नंबरच्या ॲडम्सखाली टंगस्टनची निम्फ टांगायचो आणि ॲडम्स का बुडते म्हणून तिला दोष द्यायचो. छोट्या ड्रायखाली पितळी मणी, मोठ्या केसाळ ड्रायखाली टंगस्टन, एवढं पाळलं की भांडण मिटतं.

टिपेटच्या जाडीसाठी ठोकताळा सोपा आहे: गळाच्या नंबराला 3 ने भागा. 14 भागिले 3, म्हणजे पाचच्या जवळपास, तर 5एक्स. त्याची जाडी सुमारे 0.15 मिलिमीटर. 12 ला 4एक्स. टिपेटही उलटंच चालतं, आकडा वाढला की दोरा बारीक. लीडर साडेसात फुटांचा पुरे, झाडीत नऊ फुटी लीडर म्हणजे गुंत्याला आमंत्रण.

मासा येत नसेल तर फ्लाय बदलायची घाई नको. आधी आपण उभे कुठे आहोत ते बघा. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून खालच्या अंगाने वर चढत जायचं आणि वाकून. मग फ्लाय कशी वाहते ते बघा. फ्लायच्या मागे इंग्रजी व्ही अक्षरासारखी बारीक रेघ उमटत असेल तर मधली वेगवान धार तुमची दोरी ओढतेय. खरा किडा असा मोटरबोटीसारखा जात नाही. जवळ जा, रॉड उंच धरा, शक्य तितकी दोरी पाण्याबाहेर ठेवा, फक्त लीडरचा शेवट पाण्यावर. डोंगरी ओढ्यात चार-पाच मीटरच्या फेकीवर बहुतेक मासे मिळतात, लांब फेकण्याची हौस दुसरीकडे भागवा.

हे सगळं ठीक असेल तर खोली बदला: टिपेट लांब करा किंवा जड मण्याची निम्फ लावा. मग आकार एक माप लहान, म्हणजे 14 च्या जागी 16. सर्वात शेवटी प्रकार. एका खळग्यात तीन-चार चांगल्या फेकी गेल्या आणि काही झालं नाही तर पुढच्या खडकाकडे चला, इथल्या माशाला घ्यायचं असतं तर पहिल्या-दुसऱ्या फेकीलाच घेतलं असतं.

एक प्रसंग वेगळा. मासा वर येतो, फ्लायच्या खाली नाक आणतो आणि पाणी ढवळून परत जातो. छातीत धडधड होते आणि हात लगेच तीच फ्लाय परत टाकतो. टाकू नका. एक मिनिट थांबा, मासा जागेवर परत जाऊ दे. त्याला दिसली, आवडली आणि शेवटच्या क्षणी काहीतरी खटकलं. बहुधा आकार किंवा ती ओढ. एक माप लहान बांधा, दोन पावलं बाजूला सरका, परत टाका. कितीतरी वेळा 14 ला नाकारणारा मासा त्याच कॅडिसच्या 16 वर बिनदिक्कत आला आहे.

तरंगती ठेवण्यासाठी

कोरड्या फ्लायला, पाण्यात टाकण्याआधी, तरंगवणारं जेल तांदळाच्या दाण्याएवढं चोळा. जास्त लावलं तर पिसं चिकटून फ्लाय ओल्या चिमणीसारखी होते. बदकाच्या शेपटीजवळच्या मऊ पिसांच्या, म्हणजे सीडीसी फ्लाय असतील तर त्यांना हे नेहमीचं जेल अजिबात नको. मासा मिळाल्यावर फ्लायला चिकट बुळबुळीत थर लागतो. ती पाण्यात खळबळून घ्या, कापडाने टिपा, मग पाणी शोषणाऱ्या पावडरीच्या बाटलीत घालून हलवा. पांढरी भुकटी लागलेली फ्लाय दोन-तीन रिकाम्या फेकींत झटकली जाते आणि परत नव्यासारखी उभी राहते.

जायच्या आधी त्या पाण्याचे नियम वाचा. परवाना तर लागतोच, पण काही ठिकाणी एकाच फ्लायची मुभा असते, काही ठिकाणी उलट्या काट्याचा गळ चालत नाही, काही महिने मासेमारी पूर्ण बंद असते. वर सांगितलेली जोडी एका फ्लायच्या पाण्यात नियमबाह्य ठरते. साधा थर्मामीटरही जवळ ठेवा: पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ट्राउट आधीच धापा टाकत असतो, अशा वेळी पकडून सोडलेला मासाही मरू शकतो. त्या दिवशी रॉड गुंडाळायचा. एका ओढ्यातून दुसऱ्यात जाताना बूट घासून धुवा आणि पूर्ण वाळवा, शेवाळं आणि माशांचे आजार बुटांच्या तळव्यांवरूनही प्रवास करतात.

घरी आलात की डबी उघडी ठेवून रात्रभर वाळू द्या. ओली डबी बंद केली तर आठवड्यात गळ गंजतात आणि पिसांवर डाग येतात. सकाळी बंद करताना रिकामे कप्पे मोजा आणि पुढच्या वेळी तेवढेच भरा. माझ्या डबीत 14 नंबरच्या कॅडिसची रांग कायम अर्धी रिकामी असते, फेझंट टेलची त्याखालोखाल. दोन वुली बगर मात्र घेतल्या तशाच आहेत.